इडेलाची घोडी

इडेला स्ट्रोप नेब्रास्काहून आली ती स्वतःची घोडी घेऊन. घोडीचं नाव टॅन्सी. मी तेव्हा लॉस एंजेलिसबाहेरच्या एका छोट्या चित्रपट कंपनीत कपडेपट सांभाळत असे. मूकपटांचा जमाना, आणि आमची कंपनी नुसते घोडे-बंदुकांचे चित्रपट काढायची. इडेला दिसायला बेताचीच. पण घोड्यावर बसली की सगळे हातातलं काम सोडून बघत. तिला तेवढ्यावरच कामं मिळत : पळवून नेलेली मुलगी, शेरीफची बहीण, असली.

आमचा दिग्दर्शक हार्लन प्रूएट. एक दिवस त्याने इडेलाला दरोडेखोरांपुढे घोडी पिटाळायचं दृश्य दिलं. ती माझ्याकडे कपडे चढवत होती, तेवढ्यात बाहेर टॅन्सीच्या पुढच्या पायांना पट्टे चढले.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"वाट खडकाळ आहे बाई. तुझ्याच लाडकीचे पाय सांभाळतोय," प्रूएट म्हणाला.

पट्ट्यांना बारीक तारा होत्या आणि तारांचं दुसरं टोक गवतात, जमिनीत ठोकलेल्या खुंटाला. भरधाव घोडी तार संपली तशी डोक्यावर आपटून उलटी झाली. इडेला लांब फेकली गेली. उठून धावत आली तर टॅन्सीची मान मोडलेली, डोळे अजून हलत होते. इडेलाने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गळा काढला. तसलं रडणं मी कुणाच्या मयतालाही ऐकलं नव्हतं.

प्रूएट कॅमेऱ्यामागून ओरडला, "थांबवू नका! रड, पोरी, रड! तोंड इकडे कर, इकडे!"

आणि इडेलाने तोंड तिकडे केलं.

चित्रपट धो धो चालला. थिएटरात बायका हुंदके देत. भित्तिपत्रकावर इडेलाचं नाव नायकाएवढं मोठं झालं. ती महिनाभर प्रूएटशी बोलली नाही. मग बोलली. त्याने पुढच्या चित्रपटात तसंच दृश्य घातलं होतं, आणि या वेळी काही लपवलं नव्हतं.

घोडा निवडायला ती स्वतः तबेल्यात गेली. मी सोबत होते. म्हाताऱ्या मोतद्दाराने, लेमने, एक तांबूस घोडा पुढे केला. "हा घे. एका डोळ्याने आंधळा आहे, पण गुणाचा आहे हो."

"चालेल," इडेला म्हणाली. "तसाही किती दिवस राहणार?"

लेमने घोड्याच्या मानेवर एकदा थोपटलं आणि लगाम तिच्या हातात दिला.

घोडा पडला, पण मेला नाही. मोडका पाय लोंबकळवत उठला आणि लंगडत तिच्याकडेच आला. इडेला उभी राहिली. रडू येईना. प्रूएटने शिव्या दिल्या, कांदा आणवला.

"तुझी घोडी आठव ना, बये!"

"आठवतेय हो!" ती म्हणाली. चेहरा वेडावाकडा झाला, डोळे कोरडेच. पडद्यावर तो चेहरा आला तेव्हा लोक खो खो हसले.

मग प्रूएटने ऑरेगॉनहून फर्न लॅसिटर नावाची मुलगी आणली. तिला घोड्यावर धड बसता येत नव्हतं, पण सांगितलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी. प्रूएट म्हणे, "ही लाकडाच्या घोड्यासाठीसुद्धा रडेल." इडेलाला काम उरलं ते फर्नच्या जागी पडायचं. मी एकाच कापडाचे दोन झगे शिवायची, एक फर्नला, एक इडेलाला. आधी इडेलाचं गळ्याचं हाड मोडलं, मग मनगट. दर वेळी ती परत आली.

"घरी जा ना गं," मी म्हटलं.

"घरी जाऊन सांगू काय, मॉड? घोडी कुठे म्हणून विचारतील."

शेवटच्या वेळी घोडा तिच्या अंगावरच पडला. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. चार जणांनी तिला ओढून कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर ठेवलं, आणि तिच्या जागी फर्नला आणून बसवलं. घोडा अजून धापा टाकत होता, तो मरायच्या आत चित्रण उरकायचं होतं. इडेला विव्हळत होती. फर्न सारखी तिकडे बघायला लागली.

प्रूएट वळून म्हणाला, "इडेला, जरा गप्प बस. पोरीचं लक्ष जातंय."

इडेलाने झग्याची बाही तोंडात कोंबली आणि गप्प पडून राहिली. मी तिचा हात धरून बसले होते. तिची नखं माझ्या तळव्यात रुतली, पण तोंडातून आवाज आला नाही.

ट्रकमधून दवाखान्यात नेताना तिने विचारलं, "रडली का नीट?"

"रडली."

"पहिल्या खेपेलाच?"

"हो."

तिने मान फिरवली. पाय कायमचा आखूड राहिला. त्या चित्रपटात तिचं नाव कुठेच नव्हतं. पुढे ती सॅन बर्नार्डिनोला एका धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीला लागली, आणि बाईने पुन्हा कधी घोड्याला हात लावला नाही.