दोष माझ्या बटणांचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना की-बोर्ड आहे आणि माझ्या पोटात दुखतं आहे. शेजारच्याला नवी सायकल मिळाली की तुमच्या दुखतं ना, तसं. माझ्या जागी एक नवा आला आहे. त्याच्या बटणांखाली दिवे लागतात. मी कपाटावर आडवा पडून ते दिवे बघत असतो.

कारखान्यातलं सांगण्यासारखं फारसं काही नाही. पट्ट्यावरून सरकत आलो, खोक्यात बसलो आणि एका फोटो स्टुडिओत उघडलो. स्टुडिओ नवरा-बायकोचा होता. पुढच्या खोलीत काका फोटो काढायचे. मागच्या खोलीत काकू ते कॉम्प्युटरवर नीट करायच्या. कुणाचा मुरूम घालव, कुणाचं शर्टाचं बटण लाव, असं चालायचं. काकूंना शॉर्टकट तोंडपाठ नव्हते, बोटपाठ होते. ब्रश हवा की बी. चुकलं की कंट्रोल आणि झेड. फोटोखाली नाव लिहायचं असलं की ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबून त्या मराठीत जायच्या आणि लिहून झालं की तसंच दाबून इंग्रजीत यायच्या.

त्यांच्या बोटांनी माझी अक्षरं पुसली. बी तर कोराच झाला. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काकू, अक्षरं दिसत नाहीत, मग कळतं कसं?"

"नाक शिंकरताना आरसा लागतो का तुम्हाला?" काकू म्हणाल्या.

खरं सांगायचं तर तेव्हाही मी जळायचो. माऊसवर. तो अख्खा त्यांच्या तळहाताखाली असायचा, मला नुसती बोटांची टोकं मिळायची.

जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या काकांचा स्वतःचा एक धड फोटो नव्हता. म्हणून काकूंनी तो काढला. पण मागच्या भिंतीवरची वायर काकांच्या कानातून निघाल्यासारखी दिसत होती. काकूंनी भिंतीचा रंग भरून अर्धी वायर पुसली. मग फोटोखाली दोन शब्द लिहिले आणि "दुखतंय, जरा पडते," म्हणून उठल्या. त्या पुन्हा त्या खुर्चीत बसल्या नाहीत. आजार मोठा निघाला आणि त्यात त्या गेल्या.

काकांनी कॉम्प्युटर बंद केला नाही. पडदा नुसता काळा व्हायचा आणि मला हात लागला की तोच फोटो समोर यायचा. उरलेली वायर आपणच पुसायची, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या कुणाला त्या फोटोला हात लावू देणार नव्हते. त्यांनी फोटो मोठा केला. इतका, की पडद्यावर नुसता कान आणि वायर उरली. मग बी दाबला. ब्रश आला नाही. आणखी दोनदा दाबला. पुन्हा नाही. वैतागून शिफ्ट दाबत सुटले तेव्हा एक चौकट उघडली. तिच्यात इंग्रजीत 'स्टिकी' असं काहीतरी होतं.

"चिकट झालाय म्हणतोय," काका स्वतःशीच म्हणाले आणि मला कॉम्प्युटरपासून सोडवून, ओलं फडकं पिळून आणून त्यांनी मला पुसलं. एकेका बटणाच्या फटीतून. मित्रांनो, ती चौकट शिफ्ट सारखा दाबला की उघडते. माझ्या चिकटपणाशी तिचा काही संबंध नाही. पण त्यांचा हात फिरत होता, मी कशाला बोलू?

पुन्हा जोडून बी दाबला, ब्रश मात्र आला नाही. मग त्यांची मुलगी आली. तिच्या पिशवीत तो दिवेवाला होता.

"बाबा, हा मेलाय. याच्यावर अक्षरंसुद्धा उरली नाहीत."

"अगं, तुझ्या आईचा आहे तो."

"म्हणूनच झिजलाय ना. हा घ्या, बघा कसा उजेड पडतो."

मला काढलं, त्याला जोडलं. काकांनी त्याचा बी दाबला. दिवे लागले, ब्रश आला नाही. मला इतकं बरं वाटलं की सांगायची सोय नाही.

"बंद करून चालू करू या," मुलगी म्हणाली. "निम्मे आजार त्यानेच जातात."

"बंद करायचं नाही."

"का पण?"

"तिचं काम उघडं आहे. सेव्ह केलंय की नाही मला माहीत नाही. गेलं तर मी कुठून आणू?"

मुलीने बंद करायला नेलेला हात मागे घेतला. मग तिने फोटो लहान केला. पूर्ण फोटो दिसला, आणि खालची ओळही. 'आमचे हे बबबबब.'

मुलीला हसू आवरेना. "बाबा, हे बबब काय?"

"मी बी दाबत होतो."

आता तिला कळलं. काकू लिहिता लिहिता उठल्या होत्या. कर्सर अजून लिहिण्याच्या चौकटीत होता आणि भाषा मराठी होती. अशा वेळी बी म्हणजे ब्रश नव्हे, नुसता ब. तिने ते काकांना समजावून सांगितलं.

काकांनी ओळीखाली बोट धरून ती पुन्हा वाचली. "म्हणजे तिचं लिहून झालंच नव्हतं. आमचे हे… पुढे काय लिहिणार होती गं?"

"तुम्हाला ठाऊक असेल."

"ठाऊक असतं तर तुला विचारलं असतं का?"

आगंतुक ब खोडायचे होते. "जुना लाव," काका म्हणाले. "याची बटणं फार हलकी आहेत. एक जास्त खोडलं गेलं तर 'हे' जाईल."

मला पुन्हा जोडलं. काकांनी एकेक ब खोडला आणि 'हे'पाशी बोट उचललं. पुढे काहीच लिहिलं नाही. मुलगी सांगत गेली तसं त्यांनी कंट्रोल आणि एंटर दाबून ओळ पक्की केली, ऑल्ट आणि शिफ्ट दाबून इंग्रजी आणली.

"आता बी. व्ही आणि एनच्या मधला."

"व्ही तरी कुठे दिसतोय?"

तिने त्यांचं बोट धरून माझ्या कोऱ्या बीवर ठेवलं. ब्रश आला. वायर गेली. फोटो सेव्ह झाला.

मला वाटलं, मी जिंकलो. पण काकांना आता हे काम शिकायचं आहे, आणि शिकणाऱ्याला अक्षरं दिसावी लागतात. माझी काकूंनी झिजवली. म्हणून दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा टेबलावर आला आणि मी इथे.

मित्रांनो, शॉर्टकट चालला नाही तर आधी कर्सर कुठे आहे ते बघा, भाषा कोणती आहे ते बघा. आमच्यावर खापर मग फोडा. आणि तुमच्या की-बोर्डवरची धूळ अधूनमधून झटका. काका त्या नव्यावर चहा घेऊन वाकतात तेव्हा सांडावा, असं मला रोज वाटतं. तरी कुणीतरी त्यांना सांगा, कप जरा लांब ठेवा. त्यांची बोटं आत्ता कुठे बसायला लागली आहेत.