गाजराच्या जोडीला

"नाय गो. ही ती चव नाय," रशीद म्हणाला आणि ताटली हळूच पुढे सरकवली.

खुर्शीदने नवऱ्याकडे पाहिलं नाही, ताटलीकडे पाहिलं. नारळाचा दाट रस, गूळ आणि सणासाठी जपून ठेवलेली वेलची घालून तिने गाजरं शिजवली होती. वास चार घरं ओलांडून गेला होता. आणि हा गृहस्थ विचारत होता, "काय घातलंस ह्यात?"

"वेलची घातली. कळली नाय?"

"हां, हां, वेलची," तो घाईघाईने म्हणाला. "बरी हाय. पन उद्या दुसरा कायतरी घालून बघ."

"दुसरा म्हंजे काय?"

"तां मना सांगता येत नाय."

सांगता येत नाही की सांगायचं नाही, हा खुर्शीदच्या डोक्यातला किडा काही नवा नव्हता. रशीद बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचं जेवण रांधणारा. मिसरूड फुटल्यापासून त्याने दुसरं काही केलं नव्हतं. दरवर्षी तो पावसाळा तोंडावर आला की घरी यायचा आणि समुद्र निवला की मुंबईला जाऊन परत बोट धरायचा. यंदा मात्र ऐन थंडीत, ना तार ना निरोप, तो रत्नागिरीच्या बंदरावर उतरला, तो खांद्यावर गोण घेऊन. दुसऱ्यांचे नवरे अत्तर आणतात, रेशमी कापड आणतात. ह्याच्या गोणीत गाजरं!

बंदराकाठच्या मिरकरवाड्यात गाजर कोण खातो? ते घाटावरच्या लोकांचं खाणं, नाहीतर टांग्याच्या घोड्यांचं. पण रशीदने ती मागच्या पडवीत ओल्या वाळूत पुरून ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून एकच ध्यास घेतला, गाजराच्या जोडीला काय घातलं तर 'ती' चव येईल.

"कुठं खाल्ली व्हती?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बोटीवर."

"कोनी रांधली व्हती?"

रशीदने नजर वळवली. "मीच. कांदा, आला, थोडी मिरी."

तिने तसंच करून घातलं. ती चव नाही. "मग तुमीच रांधा ना," ती म्हणाली, तर विंचू चावल्यासारखा तो चुलीपासून मागे सरला. "नको नको. माझ्या हातचा नको." घरी आला की हाच माणूस तिला चुलीजवळ फिरकू देत नसे, मीठ किती टाकायचं यावरून भांडत असे. स्वतः रांधलेली वस्तू स्वतःला रांधता येत नाही म्हणे! एवढी भोळी ती नव्हती.

तरीही ती करून बघत राहिली. रागानं म्हणा, हट्टानं म्हणा. आमसुलं घातली, तेव्हा त्याने मान डोलावली आणि मग नाही म्हणाला. आलं दुप्पट घातलं, तेव्हा "जरा जवळ आली" म्हणाला. सुकट घातली, तर घास न घेताच उठला. मेथी, बडीशेप, ओली मिरची, एकेक करून सगळं झालं. शेवटी चिडून तिने तिरफळं ठेचून टाकली. बांगड्याच्या तिखल्यात घालायची वस्तू गाजरात! पण जीभ चुरचुरली तसा रशीदचा चेहरा एकदम उजळला, त्याने लागोपाठ घास घेतले आणि मग चेहरा पुन्हा पडला. त्या पडलेल्या चेहऱ्याचं तिला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचाच राग आला.

एके दुपारी ती विहिरीवरून आली, तर हा आत एकटाच मसाल्याचे डबे उघडून बसलेला. लवंगांच्या डब्यात नाक खुपसून डोळे मिटलेले. मग हिंगाचा डबा. मग पुन्हा लवंगांचा.

"काय शोधताव?"

"मीठ," तो दचकून म्हणाला. मिठाचं मडकं त्याच्या गुडघ्याला लागून होतं.

आपल्या मसाल्यांची तो दुसऱ्या कुणाच्या तरी मसाल्यांशी तुलना करतो आहे, अशी तिची खात्री झाली. बंदरावर तो जात नव्हता, जुने सोबती आले की पाय मुरगळल्याचं सांगत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय उगीच?

आणि भर घालायला शेजारची रझिया होतीच. भिंतींना कान असतात म्हणतात. मिरकरवाड्यातल्या भिंतींना रझियाचे कान होते. "पुरुषाची जीभ बदलली की समजायचा, चूल बदलली," ती कुजबुजली. "मुंबईत ठेवलीन असंल कोनतरी. तिच्या हातची गाजरं आठवतात त्याला. तू बस हिते वेलच्या कुटत!"

 त्या रात्री खुर्शीदला झोप लागली नाही. एकुलती पोरगी लग्न होऊन बुरोंडीला गेलेली. वर्षाचे आठ महिने भिंतींशी बोलायचं, ते कुणासाठी? तर असल्या माणसासाठी?

सकाळी तिने ठरवलं. तेल गाळायला म्हणून बाजूला काढलेल्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या, पिवळ्या पडलेल्या, बुळबुळीत. कोकणात एक वेळ पाहुण्याला उपाशी ठेवतील, पण खवट खोबरं वाढणार नाहीत. ते वाढणं म्हणजे ऊठ आणि चालता हो म्हणणंच. तिने ते किसलं, भाजलं, वाटलं आणि गाजरांत ओतलं. धूर असा उठला की तिलाच तोंड फिरवावं लागलं. फेकू दे ताट, घालू दे शिव्या. भांडण पेटलं म्हणजे पोटातलं ओठावर येईल.

रशीदने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. बघता बघता ताटली चाटून पुसून साफ केली. ती कमरेला पदर खोचून समोर उभी.

"आज बरी झालीय," तो म्हणाला. "ओला नारळ घातलास नाय? ताजा दिसतो."

थट्टा करतोय, असं तिला आधी वाटलं. तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. शाळेत उत्तर चुकणाऱ्या पोरासारखा तो तिच्याकडे बघत होता. तिने उरलेली खोबऱ्याची वाटी आणून त्याच्या नाकाखाली धरली. त्याने ती हातात घेतली, बोटाने दाबली, उजेडात फिरवली.

"खवट हाय?" त्याने विचारलं.

खुर्शीद त्याच्यासमोर बसली. "वास नाय येत?"

"नाय."

वाटी खाली ठेवून तो बोलू लागला. "बोटीवर ताप आला. ताप गेला, तो नाक घेऊन गेला. गोड कळता, आंबट कळता, तिखट झोंबता. पन डोळे मिटले तर गाजर हाय का रताळा हाय, तां कळत नाय. सुकट बिघडलेली व्हती, मना कळली नाय. मी रांधली. दहा-बारा मानसं आजारी पडली गो, माझ्या हातचा खाऊन. आमच्यावरचा सारंग भला मानूस. बोलला, कोनाला सांगत नाय, घरी जा, नाक आला की ये."

"आनी गाजरा?"

"तापाच्या आदल्या दिवशी केली व्हती. तीच शेवटची चव. डोक्यात हाय, तोंडात येत नाय. वाटला, जोडीला कायतरी असा गावंल की ती परत येल."

बाई नव्हती. कुठेच कुणी नव्हतं. खुर्शीदला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि समोर ताटलीवर मान घालून बसलेला नवरा बघून त्या आनंदाची तिला लाज वाटली. नाक गेलेला भंडारी आणि पाय गेलेला घोडा, कोण उभं करील दारात? एक सारंग गप्प बसेल. पण मिरकरवाड्यात बोललेलं मुंबईच्या गोदीत आगबोटीच्या आधी पोचतं. एकदा का ते पोचलं, की नाक परत येवो न येवो, ह्याच्या हातचं कुणी खाणार नाही.

"खुर्शीद! अगो काय जाळलास?" पदर नाकाला लावून रझिया दारात उभी होती. "खवट खोबऱ्यानं सगळी आळी मळमळली. आनी तो जेवला तां?"

"जेवला."

"न बोलता?" रझियाचे डोळे बारीक झाले. तिने खुर्शीदच्या खांद्यावरून आत पाहिलं. चाटून पुसून ठेवलेली ताटली, शेजारी बसलेला रशीद. "असा कसा जेवला गो? भंडारी मानूस तो. त्याला वास नाय आला? त्याच्या नाकाला काय..."

"वास नाय यायला काय झाला?" खुर्शीद पटकन म्हणाली. तिचा आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "गुन्हेगार मानूस बोलनार काय? मी समोर वाढला, तो गप खाल्लान. तू बोलत व्हतीस ना? खरा हाय. बाई हाय त्याची मुंबईत. आज कबूल झाला."

आत ताटली वाजली. रझियाचा चेहरा आधी दुःखी झाला आणि लगेच लगबगीचा. "या अल्ला!" म्हणत तिने खुर्शीदचा हात दाबला आणि चपला न घालताच ती पलीकडच्या घराकडे वळली.

खुर्शीद आत आली. रशीद तिच्याकडे बघू शकत नव्हता. "असा कशाला बोललीस गो?"

"मग काय बोलू, नाक गेला म्हनून?" ती म्हणाली आणि ताटली उचलून घासायला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली, तेव्हा विहिरीवरचा गलका एकदम थांबला. एरवी पाळीवरून भांडणाऱ्या बायका बाजूला झाल्या आणि त्यांनी तिला पुढे वाट करून दिली. कुणी तरी तिच्या हातातला दोर घेऊन तिची कळशी ओढून दिली. एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. खुर्शीदने तो हात फिरवू दिला. मग कळशी डोक्यावर घेऊन, पाणी हिंदकळू न देता, ती सगळ्यांच्या मधून घराकडे चालू लागली.