बेडकांचा प्रश्न

पेपर संपल्यावर रडत बाहेर येणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी दर पेपरानंतर 'माझं वाटोळं झालं' म्हणून गळा काढते आणि निकालाच्या दिवशी हटकून पहिली येते. आम्ही तिचं नावच 'पहिली' ठेवलंय. याउलट 'एकदम सोपा होता' म्हणणारे निम्मे नापास होतात. थोडक्यात, पेपरानंतरच्या अर्ध्या तासात कुणीही खरं बोलत नाही.

माझ्या या स्वभावाला बाबा जबाबदार आहेत. ते दुकानांमधली वजनं-मापं तपासायची नोकरी करतात. त्यांच्या लेखी प्रत्येक तराजू आधी खोटा असतो, मग तपासणीत पास झाला तर खरा. घरी मिठाचा पुडा आणला तरी हातावर तोलून बघतात. खाण तशी माती, मी काय वेगळी निपजणार? वर्गात मला 'फौजदार' म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही, निदान मी तसं दाखवते.

त्या दिवशी जीवशास्त्राचा पेपर होता. शाळेतला शेवटचा. मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय आणि त्या कॉलेजात जीवशास्त्रात नव्वदच्या खाली गुण असलेल्याला दारात उभं करत नाहीत. वर्षभर मी सुट्टी म्हणून घेतली नव्हती.

घंटेला वीस मिनिटं असताना माझं लिहून संपलं. पेन खाली ठेवलं तर शेजारच्या रांगेतून कुणीतरी टक लावून बघतंय असं वाटलं. चुळबुळ्या. आठवीपासून आमच्या वर्गात आहे, एका जागी धड बसवत नाही म्हणून हे नाव पडलं. आधी त्याने घसा खाकरला. मग बाकाच्या कडेवर बोटं वाजवली. मग हाताचा पंजा पालथा, उताणा, पालथा, उताणा करायला लागला, आणि नजर थेट माझ्या कागदांवर. मी मनात म्हटलं, वर्षभर उनाडक्या करायच्या आणि शेवटी दुसऱ्याच्या ताटात बघायचं! मी कोपर आडवं टाकून उत्तरपत्रिका झाकली. तरी त्याचा पंजा थांबेना. तेव्हा मी हात वर केला.

"सर, हा माझ्या पेपरात बघतोय."

सुपरवायझरनी त्याची उत्तरपत्रिका उचलली आणि त्याला पुढे टेबलापाशी नेऊन घंटा होईपर्यंत नुसतं बसवलं. तो एक अक्षर बोलला नाही. बोलेल कसा, असं मला वाटलं. उरलेली वीस मिनिटं मी ताठ मानेने खिडकीबाहेर बघत काढली.

बाहेर पायऱ्यांवर नेहमीचा बाजार भरला होता.

"ते बेडूक!" पहिलीने कपाळावर हात मारला. "बारा गुणांचे बेडूक! माझं वाटोळं झालं."

"ते बेडूक मोजले कुणी, हे आधी विचारायला हवं," आमच्यातला सगळ्यात उंच मुलगा म्हणाला. "मी लिहून आलोय, तळ्यातले बेडूक कमी झाले कारण मोजणारा कंटाळला."

सगळे खो खो हसले. मला हसू आलं नाही. माझ्या पेपरात बेडूक नव्हते. एकही नव्हता.

माझ्या लगेच लक्षात आलं. मी चुळबुळ्याची तक्रार केली, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आता सगळे मिळून माझी फिरकी घेत होते. हे बेडूक माझ्यासाठीच सोडले होते. बरं, म्हटलं, फौजदार म्हणता ना, मग घ्या चौकशी. मी एकेकाला बाजूला घेतलं.

"प्रश्नात काय होतं?" मी पहिलीला विचारलं.

"आलेख होता. सात वर्षांचा."

उंच मुलगा म्हणाला, "आलेख कसला? तक्ता होता. पाच वर्षांचा."

तिसरा म्हणाला की प्रश्न दहाच गुणांचा होता.

तीन साक्षीदार, तीन जबान्या. मी जाम खूश झाले.

"खोटं बोलायचं तर आधी नीट पाठ करून यायचं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"अगं, तुझ्याशी खोटं बोलून आम्हाला काय मिळणार?" पहिली वैतागली. "शेवटच्या पानाच्या मागच्या बाजूला होता प्रश्न."

"मागची बाजू कोरी होती."

"तू बघितलीस?"

"बघितली," मी म्हणाले. मी बघितली नव्हती.

तेवढ्यात जीवशास्त्राच्या बाई पायऱ्या उतरून आल्या. "काय, बेडकांनी छळलं का? वर सात वर्षांचा आलेख, खाली पाच वर्षांचा तक्ता, दोन्ही ताडून बघायचे होते. बारा गुण म्हणजे थोडे नाहीत. आणि पानाच्या पुढच्या बाजूला 'मागे पहा' छापायला विसरलेत मेले. कुणाचा राहिला नाही ना?"

सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मीसुद्धा.

शंभरातून बारा गेले. अठ्ठ्याऐंशी उरले, तेही बाकीचं सगळं बरोबर असेल तर. माझं कॉलेज त्या कोऱ्या नसलेल्या पानावर गेलं होतं. आणि तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे तो पंजा आला. पालथा, उताणा, पालथा, उताणा. पान उलट, पान उलट.

चुळबुळ्या पेपर नेहमी मागून पुढे सोडवतो, हे अख्ख्या वर्गाला माहीत आहे. त्याचे बेडूक पहिल्या तासातच झाले असणार. मी पेन खाली ठेवलं तेव्हा माझ्या प्रश्नपत्रिकेचं शेवटचं पान उलटलेलंच नाही, हे त्याला दिसलं. त्याला माझ्याकडून काहीही नको होतं. तरीसुद्धा, खरं सांगते, मी मिनिटभर त्याचा काही डाव असेल का, हे शोधत राहिले. सापडला नाही. मग मात्र मला माझीच अशी लाज वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं.

पळता आलं नाही. शिपाईमावशी दारातून ओरडल्या, "तक्रार केलेली मुलगी कोण? केंद्रप्रमुखांनी बोलावलंय."

केंद्रप्रमुखांच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दोऱ्याने बांधणं चाललं होतं. चुळबुळ्या भिंतीपाशी उभा होता. टेबलावर एक फॉर्म होता आणि त्यात त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मी शेजारच्या मुलीच्या पेपरात बघत होतो. माझी चूक झाली.'

"त्याने कबूल केलंय," केंद्रप्रमुख म्हणाले. "साक्षीदार म्हणून तू इथे सही कर. पेपर रद्द होईल त्याचा. वर्ष जाईल."

मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. न केलेली चोरी कुणी कबूल करतं का? मग मला आठवलं. रोज पेपराआधी आम्हाला नियम वाचून दाखवायचे: मदत देणारा आणि घेणारा, दोघांचेही पेपर रद्द. 'मी तिला पान उलटायला सांगत होतो' असं तो बोलला असता तर माझाही पेपर गेला असता. त्याने फक्त स्वतःचा जाऊ दिला.

मी काही साधुसंत नाही. मी पेनाचं टोपण काढलं होतं. सही केली असती तर माझे अठ्ठ्याऐंशी सुखरूप होते आणि कुणाला काही कळलं नसतं. टोपण काढून मी किती वेळ बसले, कोण जाणे. केंद्रप्रमुखांनी घड्याळात बघितलं.

"सर, हे खोटं आहे," मी म्हणाले. "तो मला पान उलटायला खुणावत होता. माझा मागचा प्रश्न राहिला होता."

चुळबुळ्याने झटकन मान वर केली.

"म्हणजे तो मदत देत होता," केंद्रप्रमुख सावकाश म्हणाले. "आणि तू घेत होतीस. नियम माहितीय ना?"

"मी घेतली नाही. मला वाटलं तो कॉपी करतोय. माझी उत्तरपत्रिका उघडून बघा, बेडकांच्या प्रश्नाला मी हातही लावलेला नाही."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. बांधलेला गठ्ठा सोडला, माझी उत्तरपत्रिका शोधली आणि एकेक पान बोटाला थुंकी लावून उलटलं. शेवटपर्यंत बेडूक कुठेही नव्हते. मग त्यांनी प्रश्नपत्रिका घेतली, शेवटचं पान पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दिलेली पण न घेतलेली मदत," ते पुटपुटले. "याला फॉर्ममध्ये रकानाच नाही." त्यांनी फॉर्मवर आडवी रेघ मारली. "जा रे, सुटलास. पण तुझी वीस मिनिटं मला परत देता येणार नाहीत. घंटा झाली ती झाली." मग माझ्याकडे वळले. "तू मात्र एक अर्ज लिहून दे. 'मागे पहा' छापलेलं नाही, ही पेपर छापणाऱ्यांची चूक आहे. मी वर पाठवतो. काही गुण मिळतीलही."

मी अर्ज लिहिला. लिहून बाहेर आले तर चुळबुळ्या फाटकापाशी सायकलचं कुलूप काढत होता. मी धावतच गेले.

"तुझं काय राहिलं?"

"वनस्पतींचा सगळा विभाग. वीस गुण. सोपा म्हणून शेवटी ठेवला होता."

"पास होशील ना?"

"काठावर. बघू."

"माझं चुकलं रे," मी म्हणाले. "फार चुकलं. तू माझ्या भल्यासाठी करत होतास आणि मी..." मला रडू आलं, आणि ते खरं होतं.

तो माझ्या रडण्याकडे बघत राहिला. मी पायऱ्यांवर इतरांच्या रडण्याकडे बघते तसंच.

"अर्ज घेतला त्यांनी?" त्याने विचारलं.

"हो."

"गुण मिळतील?"

"कदाचित."

"एक सांग. 'मागे पहा' छापलेलं नाही, हे तुला त्या खोलीत यायच्या आधीच माहीत होतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या दिवशी मला आणखी एक खोटं बोलायचं नव्हतं.

"हो. बाईंनी पायऱ्यांवर सांगितलं होतं."

"बरं," तो म्हणाला.

"अरे, पण अर्जाचं माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं! ते त्यांनीच काढलं. मी तुझ्यासाठी बोलले."

"असेल," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

मी त्याला थांबवलं नाही. माझ्याकडे साक्षीदार नव्हता, कागद नव्हता, काहीच नव्हतं. आणि त्याच्या जागी मी असते, तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.