माझी चूक आणि घड्याळजीचा भाऊ

मित्रांनो, मी एक जुना पायपीट करणारा आहे. माझे नाव वाय. पुरुषाच्या पेशीत जी गुणसूत्रे असतात, त्यांतला मी एक बुटका. त्यामुळे ‘हा काय कामाचा’ असे टोमणे मी पुष्कळ खाल्ले. पण बापाकडून मुलाकडे, हजारो पिढ्या मी चालतो आहे. कळपांच्या मागे, समुद्राच्या काठाकाठाने, बर्फातून! प्रत्येक बाप मुलाला माझी नक्कल देतो. नकलेत क्वचित एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढे तशीच उतरते. त्या चुका जुळवूनच शास्त्रज्ञ माणसांच्या जुन्या वाटा शोधतात. चुकांचे एवढे कौतुक कोणाचे झाले असेल?

एका म्हाताऱ्या घड्याळजीचा चार वर्षांचा भाऊ बोटीच्या धक्क्यावर हरवला, त्याला साठ वर्षे झाली. अलीकडे त्याला एक सुतार भेटला. तोही लहानपणी धक्क्यावरच सापडलेला, एका सुताराने वाढवलेला. खरे-खोटे सांगायला आता आईबाप नव्हते. दोघांनी प्रयोगशाळा गाठली.

घड्याळजीच्या वडिलांच्या वाट्याला आलेल्या माझ्या नकलेत एक नवे अक्षर चुकले होते. ते घड्याळजीत होते, त्याच्या चुलतभावात नव्हते. सुतारात निघाले, की दोघे एका बापाचे!

निकाल आला, ‘जुळत नाही.’ सुताराचा चेहरा पडला. घड्याळजी तर निकालाचा कागद पुन्हा पुन्हा वाचू लागला. मी दोघांच्याही अंगात होतो, मला सगळे ठाऊक होते, पण मला तोंड कुठे आहे? माझा जीव नुसता तळमळला.

तपासणाऱ्या बाई मात्र चिवट होत्या. त्यांनी सुताराला विचारले,

“काका, तपासायला थुंकी तुमचीच दिलीत ना?”

“मी तंबाखू चघळत होतो, म्हणून जावयाने दिली. घरचाच आहे की तो!”

बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, जावई स्वतःच्या वडिलांचा वाय आणणार. तुमचा कुठून आणेल?”

सुताराने चूळ भरली, तासभर तोंडात काही घातले नाही आणि मग स्वतःची थुंकी दिली. या खेपेस माझे ते चुकलेले अक्षर दोघांत तंतोतंत सापडले. जिंकलो, मित्रांनो! सगळ्या प्रवासाचे सार्थक झाले.

सुतार चाचरत म्हणाला, “मग... दादा म्हणू का तुम्हाला?”

“साठ वर्षं उशीर केलास, आणि वर विचारतोस?” म्हणत घड्याळजीने त्याला छातीशी धरले. दोघेही हमसून हमसून रडले.

मित्रांनो, मी फक्त बापाची वाट दाखवतो. परक्या पोराला पोटाशी धरून रंधा चालवायला शिकवणाऱ्या माणसाची खूण माझ्यात उमटत नाही. असे कोणी तुमच्या घरी असेल, तर त्याची विचारपूस माझ्यावर सोडू नका.