घुबडाची पापणी

“…आणि आता वर बघा,” मी म्हणालो, तेवढ्यात दार उघडलं आणि हेल्ली वेस्तेरिनेन बाहेर आल्या.

बुधवार होता, अकराला पाच मिनिटं कमी. एप्रिलमधला काताजानोक्काचा, म्हणजे शहराच्या बंदराकडच्या या भागातला, वारा म्हणजे समुद्राने तोंडावर ओलं फडकं मारल्यासारखा. माझ्या तुकडीत नऊ पर्यटक होते, आणि सगळे माना वर करून दारावरच्या दगडी घुबडाकडे बघत होते. हेल्लीबाई पायरीवर थांबल्या. हातात इथल्या घरांवरची माझी पुस्तिका होती, त्याच वसंतात छापलेली. मी घुबडाची गोष्ट संपवली, लोकांनी फोटो काढले, तोवर त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. आमच्याकडे बोलणाऱ्याला मध्येच तोडत नाहीत. घर पेटलं असलं तरी वाक्य संपू देतील.

“तुमचं आटोपलं की वर या,” त्या म्हणाल्या. “दुसरा मजला. कॉफी टाकलीय.”

बावीस वर्षं दर बुधवारी मी या दारासमोर उभा राहत आलो. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी त्या वेळी बोटभर उघडी असते, हे मला ठाऊक होतं. पण त्या खिडकीतल्या बाईंचा आवाज मी त्या दिवशी दुसऱ्यांदाच ऐकला. पहिल्यांदा ऐकला तो नुसता खोकला होता.

मी मुळात बोलका माणूस नव्हे. नगरपालिकेत नकाशे काढायचो. सगळे नकाशे संगणकावर गेले, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी माझी पेन्सिल बंद झाली. मग गाइडची परीक्षा दिली. तोंड उघडायची भीती एवढी, की पहिले तीन महिने मी सगळं भाषण बायकोला, मार्युतला, भांडी घासताना ऐकवायचो. ती म्हणायची, “ताइस्तो, लग्न झाल्यापासून तू एवढं पहिल्यांदाच बोलतोयस.” पुढे जीभ सुटली. जरा जास्तच सुटली, असं मार्युतचं मत आहे.

घुबडाची गोष्ट पहिल्याच उन्हाळ्यातली. या घुबडाचा उजवा डोळा उघडा आणि डावा मिटलेला आहे. एका जर्मन बाईने विचारलं, असं का? मला माहीत नव्हतं. पण नवा गाइड “माहीत नाही” म्हणायला कचरतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी सांगितलं की वास्तुकाराने हे मुद्दाम केलंय. घराने एक डोळा झाकून झोपावं आणि एका डोळ्याने समुद्रावर पाळत ठेवावी, अशी त्याची कल्पना. त्याच वेळी पिशवी घेऊन एक बाई दारातून आत जात होत्या. मी हसून त्यांनाच विचारलं, “खरं ना?” त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या. मौन म्हणजे संमती. लोकांनी माना डोलावल्या आणि ती गोष्ट माझी झाली. हळूहळू दुसरे गाइडही ती सांगायला लागले. शेवटी मी ती पुस्तिकेत छापली, वास्तुकाराच्या नावासकट.

त्या पिशवीवाल्या बाई म्हणजेच हेल्ली वेस्तेरिनेन.

स्वयंपाकघरात टेबलावर वेलचीचे पाव आणि दोन कप होते. पुस्तिका कपाशेजारी उघडी होती, घुबडाच्या पानावर. त्यांनी कॉफी ओतली, साखर पुढे केली.

“तुम्ही सांगता छान,” त्या म्हणाल्या. “पण ते खोटं आहे.”

मी कप खाली ठेवला.

“बोललेलं वाऱ्यावर जातं, म्हणून मी इतकी वर्षं काही म्हटलं नाही. छापलेलं मात्र राहतं. तो डोळा माझ्या बाबांनी केलाय.”

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. वडील नेस्तोरी वेस्तेरिनेन या घराचे रखवालदार. बर्फ काढायचा, तळघरातली भट्टी पेटती ठेवायची, किल्ल्या सांभाळायच्या. चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत बॉम्ब पडले त्या रात्री रस्त्यावरच्या एकूण एक काचा गेल्या आणि बॉम्बचा एक तुकडा घुबडाचा डावा डोळा घेऊन गेला. हेल्ली पाच वर्षांची होती. सकाळी सगळीकडे काचांचा खच, शंभर कामं पडलेली, आणि बाबांनी आधी काय केलं, तर शिडी काढली. लोक कामाला निघतील, दारातून बाहेर पडताना वर बघतील, आंधळं घुबड दिसायला नको, असं त्यांचं म्हणणं. तळघरातलं उरलंसुरलं सिमेंट कालवलं. पण ते काही पाथरवट नव्हते. डोळा जमेना. बुबुळ करायला गेले की फुगा व्हायचा. शेवटी वैतागून त्यांनी अंगठ्याने सगळं गुळगुळीत केलं आणि त्याची पापणी झाली.

“जन्मभर लाज वाटायची त्यांना,” हेल्लीबाई म्हणाल्या. “पुढच्या दाराने कधी यायचे नाहीत. अंगणातून यायचे. आणि इथं तुम्ही जगभरच्या लोकांना बोलावून सांगताय, काय ती कल्पना, काय ती कला.” त्या किंचित हसल्या. “पहिली काही वर्षं गंमत वाटायची मला.”

“मग आता?”

“आता मी पंचाऐंशीची झाले. आणि तिथं दुसऱ्याच माणसाचं नाव छापलंय.”

मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. गाइडला खरी गोष्ट मिळणं म्हणजे लॉटरीच. मी विचारलं, “हे मी लोकांना सांगू का?”

त्या काही बोलल्या नाहीत. टेबलावरचे पावाचे कण तळहातात गोळा करत राहिल्या. आणि मी, एवढी वर्षं याच शहरात काढलेला माणूस, पुन्हा तेच समजलो जे मला समजायचं होतं.

पुढच्या बुधवारी मी नेस्तोरी वेस्तेरिनेनची गोष्ट सांगितली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. त्या महिन्यात माझ्या तुकड्या दुप्पट झाल्या, आणि कुणी मागे येऊन “छान सांगितलंत” म्हटलं की माझी छाती फुगायची. असंच एकदा म्हणाल्या त्या बेनिता स्त्र्योम. उंच, पिकल्या केसांच्या, त्याच घराच्या सोसायटीच्या अध्यक्षा. बाजारातून येताना त्या घोळक्याच्या मागे उभ्या राहिल्या होत्या.

“म्हणजे तो डोळा मूळचा नाही?” त्यांनी विचारलं.

“मुळीच नाही,” मी अभिमानाने म्हणालो.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. उन्हाळ्यात घराच्या दर्शनी भिंतीची दुरुस्ती निघणार होती. घुबड वास्तुकाराचं आहे तोवर त्याला हात लावायची सोय नव्हती, पुरातत्त्वाची माणसं लावूच देत नाहीत. पण रखवालदाराने थापलेलं सिमेंट म्हणजे नंतरचं ठिगळ. स्त्र्योमबाईंनी जुनी रेखाटनं काढून आणली. त्यांत दोन्ही डोळे टक्क उघडे. मे महिन्यात जिन्याखालच्या फलकावर वार्षिक सभेची सूचना लागली. सातवा विषय होता, दारावरील शिल्प मूळ रूपात आणणे.

ती वाचून मी जिना चढलो. हेल्लीबाईंनी दार उघडलं. सूचना त्यांनीही वाचली होती.

“तुम्ही मला थांबवायचं होतं,” मी म्हणालो. हे बोलायला नको होतं, पण बोललो. “मी विचारलं होतं तुम्हाला.”

“विचारलं होतं.”

“तुम्ही काही म्हणाला नाहीत.”

“नाही म्हणाले.” त्यांनी भांड्याखालचा गॅस बारीक केला. “मलाच कळत नव्हतं. बाबांचं नाव रस्त्यावर कुणी मोठ्याने घ्यावं, असं वाटत होतं. आणि पापणी तिथंच राहावी, असंही वाटत होतं. दोन्ही कसं मागायचं? म्हणून गप्प बसले. चूक तुमची एकट्याची नाही.”

त्यांनी ‘एकट्याची’ म्हटल्यामुळे मला जास्तच लाज वाटली. बाबांचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. एक कोट होता, तो कसरीने खाल्ला. बाबांनी हाताने केलेली वस्तू म्हणून जगात ती पापणी तेवढी उरली होती. आणि मी ती टाळ्यांच्या बदल्यात देऊन टाकली होती.

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. सभेत त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार त्यांनी मला लिहून दिला होता, सहीसकट. “मला चारचौघांत बोलता येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुला येतं. आणि आता हे अहो-जाहो पुरे. मी हेल्ली.” त्यांनी हात पुढे केला. वडीलधाऱ्या बाईने असं म्हटलं की आमच्याकडे तो मान असतो. मी हात हातात घेतला, म्हणालो, “ताइस्तो.” जणू त्यांना माझं नाव माहीतच नव्हतं.

सभा तळघरात भरली, जिथे पूर्वी भट्टी होती तिथे. घरातले तेवीस जण होते. हेल्ली शेवटच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन. सहा विषय नळ, छप्पर आणि सायकलींच्या जागेत गेले. सातव्याला मी उठलो. तयार केलेलं भाषण बाजूला ठेवून मी एवढंच म्हणालो, की या घरात मोठमोठी माणसं राहून गेली आणि त्यातल्या एकानेही त्या सकाळी या घरासाठी काही केलं नाही. एका माणसाने केलं. त्याला नीट जमलं नाही, तेही मान्य. पण ऐंशी वर्षं ते टिकलंय.

स्त्र्योमबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मान झुकवून ऐकलं. मग म्हणाल्या, “वेस्तेरिनेन यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ते स्वतः समाधानी नव्हते, असं तुम्हीच रस्त्यावर सांगता. त्यांना उघडा डोळाच करायचा होता. आपण तो करतोय.”

मी खाली बसलो. हात वर झाले. उघड्या डोळ्याच्या बाजूने चौदा, विरुद्ध नऊ. हेल्लीने विरुद्ध हात वर केला होता आणि मोजणी झाल्यावरही बराच वेळ खाली घेतला नव्हता. कॉफीला न थांबता ती वर निघून गेली.

जून-जुलै घर हिरव्या जाळीत होतं. मी तुकड्या घेऊन पलीकडच्या रस्त्याने जायचो. पापणी कोणत्या दिवशी फोडली ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. दुसऱ्या मजल्यावर एकदा घंटा वाजवली, तर हेल्ली दार धरून उभी राहिली, म्हणाली, “आज नको रे.” रागाने नाही, थकल्यासारखं.

ऑगस्टच्या शेवटी जाळी उतरली. त्या बुधवारी माझ्याकडे अकरा माणसं होती. हे घर वगळावं असं ठरवूनच मी निघालो होतो, पण कोपऱ्यावर आलो आणि पाय सवयीने तिकडे वळले. घुबड वरून दोन्ही डोळ्यांनी बघत होतं. काम सुरेख झालं होतं. नवा डोळा जुन्यापेक्षा थोडा फिकट, दोन हिवाळ्यांत तेही दिसेनासं होईल. आता तिथे सांगण्यासारखं काही नव्हतं. घुबडं या शहरात डझनावारी आहेत.

मी तोंड उघडलं तेव्हा घोळक्याच्या मागे हेल्ली दिसली. निळा कोट, ठेवणीतला. केस नीट विंचरलेले. तिकीट काढून आलेल्या पाहुण्यासारखी ती दोन स्पॅनिश मुलींच्या मागे उभी होती.

मी सांगायला लागलो. फेब्रुवारी, काचा, शिडी, उरलंसुरलं सिमेंट. तांपेरेहून आलेला एक गृहस्थ वर निरखून बघत होता. त्याने विचारलं, “पण पापणी कुठाय?”

“नाही आता,” मी म्हणालो. “या उन्हाळ्यात काढली. मीही त्याला कारण आहे.”

“मग आम्ही बघायचं काय?”

प्रश्न रास्त होता. मी पुन्हा वर पाहिलं, शब्द शोधले आणि म्हणालो, “त्या सकाळी नेस्तोरी वेस्तेरिनेन एकटाच शिडीवर चढला, आणि…”

“एकटे नव्हते.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. हेल्लीचे गाल लाल झाले होते. पर्सचा पट्टा तिने दोन्ही हातांनी धरला होता. माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं, आणि ते तिने तोडलं होतं.

“बाबा एकटे नव्हते,” ती मोठ्याने म्हणाली. “शिडी आईने धरली होती. खाली बर्फ होता, शिडी घसरत होती. दोन तास धरून होती ती. हातमोजे नव्हते तिच्याकडे. हिल्मा नाव तिचं.”

मी ते इंग्रजीत सांगितलं, एक शब्दही कमी-जास्त न करता. हळूहळू अकराच्या अकरा माना खाली आल्या. दाराच्या डाव्या बाजूला, जिथे शिडी टेकली असणार, त्या फरशीकडे लोक बघायला लागले. तिथे मीच उभा होतो. मी बाजूला झालो.