तिसावी गाठ

दस्तगीरने पलंगाची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि पेशंटचा पांढरा सदरा अंगात घालायला साफ नकार दिला.

"अरे, घाल की. उद्या सकाळी ऑपरेशन आहे," चिंतामण म्हणाला.

"उरूस हुंदे. मग खुशाल कापा."

सांगलीच्या या दवाखान्यात गेली आठ वर्षं चिंतामण कंपाउंडर होता आणि दस्तगीर ड्रेसर. गळू फोडायचं असो की मोडलेलं हाड बसवायचं असो, दस्तगीर पेशंटला एकच सांगे, "मुंगी चावल्यागत हुतंय बगा." आता तोच पलंगावर आल्यावर सगळ्या वॉर्डाला चेव चढला होता. पायाच्या जखमेपायी महिनाभर त्याच्या हाताखाली ओरडलेल्या कवठे महांकाळच्या बयाबाई मुद्दाम काठी टेकत आल्या.

"मुंगी चावल्यागत हुतंय, लेकरा," एवढंच बोलून त्या समाधानाने परत गेल्या.

पेशंट उचलून उचलून दस्तगीरला अंतर्गळ झाला होता. आतडं अजून हाताने आत ढकलता येत होतं. पण एखाद्या दिवशी ते अडकलं, तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मिरजेच्या उरुसाला अजून दोन महिने होते.

"उरुसाचं काय धरून बसलायस?" चिंतामणने विचारलं.

दस्तगीरने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या घरात कुना बाप्यानं तिशी बघितली न्हाई, गड्या. अब्बा तिशीच्या आत गेला. चाचाबी तसाच. माझा जनम उरुसातला. ह्यो उरूस झाला की तीस भरली, मी सुटलो."

"कशावरून हाच उरूस? मागचाच असेल."

दस्तगीरने गळ्यातला काळा दोरा काढला. त्याची आई मेहरुनबी दर उरुसाला त्यात एक गाठ मारायची. मागचा उरूस झाला आणि पंधरा दिवसांत ती गेली. गाठी त्याने स्वतः कधी मोजल्या नव्हत्या. आपलं वय आपण मोजलं की नजर लागते, असं ती म्हणायची. "तिशीला एकच उरूस ऱ्हायला," हेही तीच जाता जाता सांगून गेली होती.

"म्हातारं माणूस. चुकली असेल. आण इकडं, मी मोजतो."

औषधांच्या खोलीतल्या खिडकीशी उभं राहून चिंतामणने गाठी मोजल्या. एकोणतीस. पुन्हा मोजल्या. म्हातारी चुकली नव्हती. आठ वर्षांत त्याने कुणाच्या बाटलीत औषधाचा एक थेंब कमीजास्त पडू दिला नव्हता. चैत्रात त्याची स्वतःची तिशी भरली, तेव्हा याच दस्तगीरने एका काठीला पट्ट्या गुंडाळून ती त्याला म्हातारपणाची भेट म्हणून दिली होती. ती काठी समोरच कोपऱ्यात उभी होती. चिंतामणने दाराकडे पाठ केली आणि दोऱ्याच्या टोकाला एक गाठ मारली. त्याला स्वतःची लाज वाटली. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

"तीस," परत येऊन तो म्हणाला. "कधीच ओलांडलीस तू तिशी."

दस्तगीर दोऱ्यावरून अंगठा फिरवत गेला. शेवटच्या गाठीवर अंगठा थांबला.

"दोनदा मोजलंस?"

"दोनदा."

"मग आन त्यो सदरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरला आत नेलं. ऑपरेशनच्या वेळी अंगावर गंडादोरा चालत नसे. आया रंगुबाई बाहेर आली आणि त्याची टोपी न् दोरा चिंतामणच्या हातात देऊन गेली. चिंतामण बाकावर बसला. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तो गाठी मोजू लागला.

एकोणतीस.

त्याने पुन्हा मोजल्या. टोकाशी दोरा मोकळा होता. गाठ होती तिथे नुसता वळ राहिला होता. मेहरुनबीच्या गाठी सगळ्या बारीक, गोल होत्या. त्याने मारलेली मात्र पट्टीची चपटी गाठ होती. दवाखान्यातल्या पहिल्याच आठवड्यात दस्तगीरने हातावर चापट मारून ती त्याला शिकवली होती. घाईत हाताने तीच मारली. चिंतामण उठून दाराशी गेला. आतून क्लोरोफॉर्मचा वास येत होता. थोडा वेळ उभा राहून तो परत बाकावर येऊन बसला.

दुपारी दस्तगीरने डोळे उघडले.

"मुंगी न्हवती रं," तो पुटपुटला. "लय मोटं जनावर हुतं."

चिंतामणला हसू येईना. त्याने मूठ उघडून दोरा दाखवला. "कळलं होतं, तर आत गेलास कसा?"

"आठ वर्सांत तू पैल्यांदा खोटं बोललास." दस्तगीर दमून थांबला. "म्हनलं, दुखनं लय बेकार असनार."

चिंतामणने दोरा त्याच्या गळ्यात घालायला पुढे केला.

"ठेव तुझ्यापाशीच," दस्तगीर म्हणाला. "उरुसाला मिरजेला जाऊ. तिथं तूच मार गाठ."

"आईसारखी?"

"न्हाई. पट्टीची," डोळे मिटत तो म्हणाला. "ती सोडायला मलाबी लय येळ लागला."