गोमेच्या गोष्टी

मावशी पाण्याचा ग्लास घेऊन मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरल्या, तेव्हा पाचवीतल्या खारूताईची आई बोलत होती. पुढचे दोन दात जरा मोठे म्हणून मावशींनीच त्या मुलीचं हे नाव पाडलं होतं. चार दिवस ती शाळेत आली नव्हती.

"डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे बोलली," आई सांगत होती. "दोन महिने शाळेच्या बाथरूममध्ये पाऊल टाकलेलं नाही. सकाळपासून पाणी पीत नाही, दिवसभर रोखून धरते. आता जळजळ आणि ताप. का, तर म्हणे तिथे गोम आहे. कानात शिरली की मेंदू खाते. मावशींनी सांगितलंय."

मावशींनी ग्लास टेबलावर ठेवला. थोडं पाणी सांडलं, ते त्यांनी तळहाताने पुसून घेतलं. मुख्याध्यापिकांनी नुसतं वर बघितलं. तेवढं पुरलं.

झाडलोट, घंटा, मुलींच्या बाथरूमची सफाई हे करत मावशींना या शाळेत एकवीस वर्षं झाली होती. नवरा जाऊन नऊ वर्षं, मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी. घरी गेल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळेत येईपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. सकाळी मुलींना "रांगेत चला" म्हणताना आवाज घशातच अडकायचा आणि दोनदा खाकरावं लागायचं. शाळेत त्यांच्याशी कोणी वाईट वागत नव्हतं. मावशी, खडू आणा. मावशी, दुसरीत कोणीतरी ओकलंय. बोलणं म्हणजे एवढंच.

मग सहा-सात वर्षांपूर्वी एकदा बाथरूमच्या मोरीतून बोटभर गोम निघाली. मुली किंचाळत बाहेर पळाल्या. मावशींनी ती केरभरणीत घेतली आणि भिंतीपलीकडे टाकून दिली. परत येतात तर बाथरूमबाहेरच्या त्यांच्या स्टुलाभोवती दहा-बारा मुली उभ्या. चावली असती तर काय झालं असतं, असं एकीने विचारलं. मावशी स्टुलावर टेकल्या, तशा मुलीही खाली फरशीवर बसल्या. आता त्या बसल्याच म्हटल्यावर काहीतरी सांगणं भाग होतं.

मावशींना खरं तर फारसं काही माहीत नव्हतं. पण सांगता सांगता सुचत गेलं. दुसऱ्या दिवशी मुली डबा अर्धा टाकून आल्या. त्याही आपापलं ज्ञान आणायच्या. मीठ टाकलं की गोम विरघळते, असं एकीची आजी म्हणायची. तिचे पाय मोजले की डोळे तिरळे होतात, हे दुसरीला पक्कं ठाऊक होतं. मावशी मान डोलवायच्या आणि त्यात भर घालायच्या. दरवर्षी नव्या मुली आल्या आणि दरवर्षी गोम वाढत गेली. बोटभर होती ती वीतभर झाली, मग हातभर. भीतीने एखादी मुलगी सरकून त्यांच्या गुडघ्याला चिकटायची. त्या गुडघ्यापाशी दुसरं कोणी येत नव्हतं.

विज्ञानाच्या बाई शाळेत नव्या होत्या, वयाने मावशींच्या मुलीएवढ्या. खारूताईची आई निघून गेल्यावर त्या स्टुलापाशी आल्या. रागावल्या नाहीत. शनिवारी मी पाचवीला गोम शिकवणार आहे, तुम्हीही वर्गात या, म्हणाल्या. मावशींनी हात जोडले. मी कशाला, तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील.

"माझं ऐकतील," बाई म्हणाल्या. "विश्वास तुमच्यावर ठेवतील."

शनिवारी खारूताई आली होती. थोडी वाळली होती. मावशी दाराजवळ उभ्या राहिल्या. बाईंनी फळ्यावर गोम काढली आणि कोणाला काय माहीत आहे ते विचारलं. वीस हात वर झाले. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि एकेक खोडत गेल्या. गोमेला ओल आणि अंधार लागतो. ती झुरळं खाते. चावली तर खूप दुखतं, म्हणून हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. पण कानातून मेंदूत जायला वाटच नसते. पायांच्या जोड्या नेहमी विषम, त्यामुळे बरोबर शंभर पाय कुठल्याच गोमेला नसतात. यावर मुली हसल्या आणि वह्यांत गुणाकार करून बघू लागल्या.

मग बाईंनी मावशींकडे पाहिलं.

मावशी दोनदा खाकरल्या. "मी सांगितलं ते खोटं होतं," त्या म्हणाल्या. "कानातलं, हातभर गोम, सगळंच. मी असलं काही बघितलेलं नाही."

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मग सांगितलं कशाला?"

"तुम्ही ऐकत होतात म्हणून."

त्यांना एवढंच बोलायचं होतं. पण पाय हलेनात. "आणि मलाही तिची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओरडता, मग जावं लागतं. केरभरणी धरताना हात कापतात माझे."

खारूताई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "मग घरी गोम निघाली तर तुम्ही कोणाला हाक मारता?"

मावशींनी जरा विचार केला. हे आजवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"कोणाला नाही," त्या म्हणाल्या. "दार ओढून घेते आणि पायरीवर बसते. ती जाईपर्यंत."

तास संपल्यावर मावशींनी ओल्या फडक्याने फळा पुसला.

पुढच्या आठवड्यात मोरीला जाळी बसली. मुली जोडीजोडीने बाथरूमला जाऊ लागल्या, आणि आल्या तशा मैदानाकडे पळू लागल्या. मधल्या सुट्टीत स्टुलाभोवतालची फरशी मोकळी राहिली. गोमेचं आता सगळ्यांना सगळं माहीत होतं. मावशींना चार दिवस वाटलं, दुसरं काहीतरी सांगावं, म्हणजे येतील. पण खरं असं सांगण्यासारखं त्यांना काही सुचलं नाही.

सुट्टी संपताना त्या बादली आणि खराटा घेऊन सफाईला उठायच्या. त्याआधी खारूताई मैदानातून धापा टाकत यायची, आत जाऊन चारही कोपरे बघायची.

"काही नाहीये, मावशी."

"बरं," मावशी म्हणायच्या. ती पळून जायची. मग त्या बादली उचलून आत जायच्या.